रंग सांगणे आणि रंगावरून हिणविणे



वर्षावासाच्या ग्रंथवाचनानंतर कायद्याच्या एखाद्या विषयावर मी बोलावे, असा आपला आग्रह होता. विषय मी निवडून आणलेला नाही. तो आपल्यातीलच एका भगिनीने विचारलेल्या प्रश्नातून मिळाला. एखाद्या माणसाची ओळख पटवून देताना 'तो रंगाने काळा आहे' असे म्हटले, तर तो त्या माणसाचा अपमान होतो काय, असा तो प्रश्न आहे. प्रश्न ऐकून काही जण हसले. परंतु त्यात हसण्यासारखे काही नाही. ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या नावाऐवजी जातीने आणि जातीऐवजी शिवीने हाक मारली गेली, त्या समाजात माणसाचे वर्णन कसे करावे हा प्रश्न किरकोळ असू शकत नाही.

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे ऐकू येतात. तरुण मंडळी म्हणतात की, माणसाच्या रंगाचा उच्चारच करू नये. तसा उच्चार करणे हेच विषमतेचे लक्षण होय. वडीलधारी मंडळी म्हणतात की, काळ्याला काळा म्हटले तर बिघडले कोठे. खरे बोलण्यात अपमान कसला? मला ही दोन्ही उत्तरे मान्य नाहीत. पहिल्या उत्तरात, काळा रंग ही झाकून ठेवण्याची गोष्ट आहे हे मुकाट्याने मान्य केलेले असते. दुसऱ्या उत्तरात, खरी गोष्टही माणसाला खाली पाडण्यासाठी वापरता येते, हे नजरेआड केलेले असते.

जेथे रंग सांगणे भागच असते अशी स्थळे प्रथम पाहू. माणूस बेपत्ता झाला की पोलीस ठाण्यात त्याचे वर्णन लिहून घेतात. वय, उंची, बांधा, रंग, चेहऱ्याची ठेवण, केस, अंगावरील कपडे, पायांतील वहाणा, बोलता येणाऱ्या भाषा, असा तो मजकूर वर्तमानपत्रांत आपण पुष्कळदा वाचला असेल. बेवारस प्रेताच्या पंचनाम्यात रंग लिहितात. अनोळखी आरोपीला पाहणाऱ्या साक्षीदाराच्या जबाबातही 'सावळ्या रंगाचा, मध्यम बांध्याचा' असे येते. येथे हा शब्द खुणेचे काम करतो. डाव्या भुवईवरील व्रण सांगावा तसाच रंग सांगावयाचा. त्यात मान नाही आणि अपमानही नाही.

माझ्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. नावे-गावे सांगत नाही. सतरा वर्षांची मुलगी घरातून रुसून निघून गेली. बापाने ठाण्यात वर्णन देताना तिचा रंग 'निमगोरा' असा सांगितला. मुलगी चांगली काळीसावळी होती. परंतु समोर परका अंमलदार, पाठीमागे भाऊबंद उभे, आणि मुलीच्या लग्नाची बोलणी नुकतीच सुरू झालेली. त्यामुळे खरा शब्द त्याच्या तोंडून निघेना. छायाचित्र दिले तेही छायाचित्रकाराने उजळून दिलेले. दुसऱ्याच दिवशी एका एस. टी. स्थानकाबाहेर चहाचा गाडा चालविणाऱ्या बाईने ती मुलगी पाहिली होती. पण छायाचित्र व वर्णन समोर ठेवल्यावर 'ही ती नव्हे, ती काळी होती' असे सांगून ती मोकळी झाली. मुलगी सुखरूप सापडली, परंतु चार दिवसांनी सापडली. त्या बापाला मी दोष देत नाही. मुलीचा रंग म्हणजे तिचे वैगुण्य, हे त्याला लहानपणापासून चारी बाजूंनी शिकविले गेले होते. मात्र जे कोणी म्हणतात की रंगाचा उच्चारच नको, त्यांनी हे चार दिवस ध्यानात ठेवावेत.

वास्तविक काळा हा शब्द मराठीत मुळात हलका नाही. गावच्या बोलीत 'पांढरी' म्हणजे वस्तीची जागा आणि 'काळी' म्हणजे पिकाची जमीन. शेतकरी तिला काळी आई म्हणतो. त्याच भाषेत कलंक लागलेल्याच्या तोंडाला काळे फासतात, आणि चोरट्या व्यापाराला काळा बाजार म्हणतात. सोयरिकीच्या बैठकीत तर शब्दांचे भाव बाजारासारखे चढतात. काळ्याचा सावळा होतो, सावळ्याचा गव्हाळ, गव्हाळाचा निमगोरा, आणि लग्न लागल्यावर पुन्हा सारे उतरून मूळ जागी येते. म्हणजे दोष शब्दात नाही. मग तो कोठे आहे?

या प्रश्नाचा इतका नेटका विचार मला कोणत्याही कायद्याच्या पुस्तकापूर्वी विनयपिटकात सापडला. भिक्षूंसाठी जे पाचित्तिय नियम आहेत त्यांतील दुसरा नियम 'ओमसवाद' म्हणजे हिणविणाऱ्या बोलण्याविषयी आहे. षड्वर्गीय म्हणून ओळखले जाणारे सहा भिक्षू इतर सुशील भिक्षूंशी भांडत आणि त्यांना टोचून बोलत. कशाकशावरून टोचत, त्याची यादीच तेथे दिली आहे. जन्म, नाव, गोत्र, काम, कारागिरी, रोग, शरीराची खूण, मनाचे विकार, घडलेला अपराध आणि उघड शिवी, अशा त्या दहा बाबी आहेत. शरीराची हीन मानली जाणारी खूण म्हणजे काय, याचा खुलासा करताना फार उंच, फार बुटका, फार काळा आणि फार गोरा असे चार प्रकार सांगितले आहेत. फार गोरा हाही त्यांत आहे, हे विसरू नये. टोचणाऱ्याला कोणताही रंग चालतो.

पुढचा भाग मला वकील म्हणून विशेष वाटतो. चांडाळकुळात जन्मलेल्या भिक्षूला हिणविण्याच्या हेतूने चांडाळ म्हटले तर तो दोष आहे. 'मी खरे तेच बोललो' हा बचाव तेथे चालत नाही. उलट त्याच भिक्षूला टोमणा म्हणून ब्राह्मण म्हटले, तरी दोष तेवढाच. शब्द उच्च आहे की नीच, खरा आहे की खोटा, यावर निर्णय अवलंबून नाही. नाव न घेता 'येथे काही जण अशा कुळातले आहेत' असे आडून बोलले तर त्याचाही दोष लागतो, मात्र तो कमी प्रतीचा. हिणविण्याचा हेतू नसून केवळ थट्टेने बोलले तर त्याहून हलका दोष. पण थट्टा म्हणून सर्वस्वी सुटका नाही. आणि जो अर्थ समजावून देण्यासाठी, धम्म सांगण्यासाठी किंवा उपदेशासाठी तोच शब्द उच्चारतो, त्याला दोष नाही. हेतू, रोख आणि गरज या तीन गोष्टी येथे इतक्या स्वच्छपणे वेगळ्या केल्या आहेत की, आजच्या न्यायाधीशानेही त्या वाचाव्यात.

याच नियमाच्या संदर्भात नंदिविशाल बैलाची कथा येते. तक्षशिलेच्या ब्राह्मणाने एका श्रेष्ठीशी हजारांची पैज लावली की, आपला बैल एकामागे एक बांधलेल्या शंभर गाड्या ओढील. गाड्या जुंपल्यावर त्याने बैलाला कुत्सित शब्दाने हाकले. बैल जागचा हलला नाही, आणि ब्राह्मण पैज हरला. पुढे बैलानेच त्याला दुप्पट पैज लावावयास सांगितले. अट एकच, की मला तसल्या शब्दाने हाक मारू नको. ब्राह्मण नीट बोलला आणि शंभर गाड्या निघाल्या. शाळेत मुलाला 'ए काळ्या' म्हणून उठविणाऱ्या शिक्षकांना ही कथा कोणीतरी वाचून दाखविली पाहिजे.

आता देशाच्या कायद्याकडे वळू. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ सालचा. २०१५ साली त्यात दुरुस्ती होऊन ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. त्याच्या कलम ३ प्रमाणे, लोकांच्या दृष्टीस पडेल अशा कोणत्याही ठिकाणी अनुसूचित जातीच्या माणसाचा पाणउतारा करण्याच्या उद्देशाने हेतुपुरस्सर अपमान करणे हा गुन्हा आहे, आणि अशा ठिकाणी जातीचे नाव घेऊन शिवीगाळ करणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आणि दंड. स्वरणसिंग खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला तो नेमका आपल्याच प्रश्नासारखा होता. 'चमार' हे एका जातीचे नाव आहे, ते यादीत छापलेले आहे. मग ते उच्चारल्याने गुन्हा कसा होतो? न्यायालयाने सांगितले की, कोशातला अर्थ पाहून भागणार नाही. लोक आज तो शब्द कोणत्या अर्थाने वापरतात ते पाहिले पाहिजे, आणि पाणउताऱ्याच्या हेतूने तो वापरला तर गुन्हा होतो. घराच्या फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाला तसे बोलणे हे लोकांच्या दृष्टीस पडणाऱ्या ठिकाणचे बोलणे होय, असेही न्यायालयाने ठरविले. याच्या उलट, चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेले बोलणे या कलमात बसत नाही, असे २०२० सालच्या हितेश वर्मा खटल्यात ठरले. चार भिंतींच्या आतला अपमान कमी जिव्हारी लागतो असे नव्हे. फौजदारी कायद्याने आपली हद्द तेथे आखली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तोच जातीचा शब्द आपण स्वतः मात्र तहसील कार्यालयातील अर्जात लिहितो. नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांना याचा संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे. धर्मांतर केल्यावर पुन्हा ते नाव का लिहावयाचे, असे ते विचारतात. त्याचे कारण असे की, अनुसूचित जातींच्या १९५० सालच्या आदेशात १९९० साली दुरुस्ती झाली आणि बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या लोकांनाही त्यात स्थान मिळाले. आपण बौद्ध झालात म्हणून अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण किंवा सवलती आपण गमावीत नाही. परंतु पूर्वीची जात कोणती हे त्या कागदावर दाखवावे लागते. ती नोंद हक्काची खूण म्हणून आहे. नको त्या ठिकाणी तीच नोंद काय करते हे पाहावयाचे असेल, तर तुरुंगांची दप्तरे पाहावीत. कैद्याच्या नोंदवहीत जातीचा रकाना होता आणि काही राज्यांच्या नियमावलींत झाडूकाम कोणाला, स्वयंपाक कोणाला, हे त्यावरून ठरे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. रकाना तोच, एके ठिकाणी तो माणसाला हक्क मिळवून देतो, दुसऱ्या ठिकाणी त्याच्या हाती झाडू देतो.

हे सारे जातीविषयी झाले. रंगाचे काय? भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान या कारणांवरून भेदभाव करण्यास मनाई आहे. त्यांत रंग हा शब्द नाही. सर्व प्रकारच्या वांशिक भेदभावाविरुद्ध जो १९६५ सालचा आंतरराष्ट्रीय करार आहे आणि ज्याला भारताने १९६८ साली मान्यता दिली, त्यात मात्र वंश, रंग आणि कूळ हे तिन्ही शब्द आहेत. म्हणजे केवळ 'काळा' म्हणून हिणविणाऱ्यावर आपल्याकडे सरळ बोट ठेवील असे वेगळे कलम नाही. भारतीय न्याय संहितेतील, शांतताभंग व्हावा या हेतूने केलेल्या अपमानाचे ३५२ वे कलम आहे, बदनामीचे ३५६ वे आहे. पण त्यांचा उपयोग प्रसंगाप्रसंगावर अवलंबून राहतो.

परंतु व्यवहारात रंग आणि जात यांची फारकत होते काय? मार्च २०२४ मध्ये केरळात आर. एल. व्ही. रामकृष्णन या मोहिनीअट्टम नर्तकाविषयी, त्यांचे नाव न घेता, एका ज्येष्ठ नृत्यशिक्षिकेने मुलाखतीत काढलेले उद्गार देशभर गाजले. कावळ्याच्या रंगाच्या माणसाने हे नृत्य करू नये, असा त्यांचा आशय होता. रामकृष्णन हे अनुसूचित जातीचे. उद्गारांत जातीचे नाव नव्हते, फक्त रंग होता. तरीही अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला आणि केरळ उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला. गुन्हा सिद्ध होणे ही पुढची गोष्ट आहे. परंतु जातीचे नाव न घेता रंगाच्या आडून जातच बोलता येते, ही गोष्ट न्यायालयाच्या दारापर्यंत पोहोचली, हे थोडे नव्हे. विनयातील 'आडून बोलणे' ते हेच. त्याच राज्याच्या तत्कालीन मुख्य सचिव शारदा मुरलीधरन यांनी मार्च २०२५ मध्ये जाहीरपणे लिहिले की, त्यांच्या कारकिर्दीची तुलना त्याच पदावर त्यांच्या आधी असलेल्या पतीच्या कारकिर्दीशी करताना कोणीतरी एकीला काळी आणि दुसरीला पांढरी म्हटले. राज्याच्या प्रशासनातील सर्वोच्च खुर्चीवर बसूनही रंग पाठ सोडीत नाही.

रंगावरून जात ओळखता येते हा समज मात्र निखालस खोटा आहे, आणि तो खोटा आहे हे आपल्याला बाबासाहेबांनी शिकविले आहे. गोरे आर्य बाहेरून आले, त्यांनी काळ्या दासांना जिंकले आणि रंगावरून चार वर्ण पडले, या सिद्धांताचे खंडन त्यांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' या १९४६ सालच्या ग्रंथात केले. ऋग्वेदातलेच दाखले देऊन त्यांनी दाखविले की आर्यांतही काळे, तांबूस, गोरे असे सारे होते, आणि वर्ण शब्दाचा मूळ अर्थ रंग असा घेता येत नाही. 'अस्पृश्य मूळचे कोण?' या १९४८ सालच्या ग्रंथात त्यांनी नाकाच्या मोजमापांचे आकडे घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात असा निष्कर्ष काढला. ज्या मोजपट्टीने साहेबांनी आपल्याला वेगळे ठरवू पाहिले, तीच मोजपट्टी त्यांनी उलटी लावून दाखविली.

उत्तर हिंदुस्थानच्या भाषांत एक जुनी म्हण आहे. काळ्या ब्राह्मणावर आणि गोऱ्या अस्पृश्यावर विश्वास ठेवू नये, असा तिचा आशय. म्हणजे काळे असणे हा आमचा धर्म ठरविला, आणि एखादा गोरा निघाला तर त्याच्या आईच्या चारित्र्यावर शंका! आणि नाशिकला ज्या मंदिराच्या दारासाठी २ मार्च १९३० पासून आपल्या माणसांनी सत्याग्रह केला, त्या देवाचे नावच काळाराम. काळ्या पाषाणाच्या मूर्तीपुढे साष्टांग दंडवत घालणाऱ्यांनी जिवंत माणसांना पायरी चढू दिली नाही. तेव्हा खरा आक्षेप रंगाला कधीच नव्हता.

नव्या धम्मबांधवांना आणखी एक संदर्भ सांगावासा वाटतो. दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण श्रावस्तीला भगवंतांजवळ राहत असतात. घरचे तुम्हाला काय बोलतात, असे भगवंत विचारतात. तेव्हा ते सांगतात की, ब्राह्मण आम्हाला म्हणतात, तुम्ही शुक्ल वर्ण सोडून त्या मुंडक्या काळ्यांच्या मागे लागलात. धर्मांतरितांना रंगावरून बोलणे ही प्रथा इतकी जुनी आहे. त्याच सुत्तात पुढे, पृथ्वीवरील जीवांची शरीरे जड होत गेली, काहींची कांती उजळ राहिली व काहींची मळली, आणि उजळ झाले ते मळलेल्यांना तुच्छ लेखू लागले, असे वर्णन आहे. त्या अहंकारापायीच पृथ्वीचा गोड रस नाहीसा झाला. रूपाचा गर्व तेथे चोरी, खोटे बोलणे आणि दंडशक्ती यांच्या कितीतरी आधी येतो.

इतके झाल्यावर आपल्या घराकडे पाहणे प्राप्त आहे, आणि येथे मी सौम्य बोलणार नाही. बौद्ध वधू-वर परिचय मेळाव्यांत भरावयाचे नमुने मी पाहिले आहेत. नाव, शिक्षण, नोकरी, उंची, आणि त्याखाली 'वर्ण'. बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस त्या रकान्यात सुवाच्य अक्षरात 'गोरा' लिहितो, आणि अपेक्षा या सदरात 'मुलगी गोरी असावी'. काही ठिकाणी रास, गण, नाडीही आहेत. पत्रिकेच्या गुणमेलनात पहिला गुण वर्णाचाच असतो, हे त्या मंडळींना बहुधा माहीत नसावे. पोलिसांच्या नमुन्यातील रंगाचा रकाना आणि या नमुन्यातील रकाना यांत काय अंतर आहे? पहिल्यात हरवलेली मुलगी सापडावी म्हणून रंग विचारतात. दुसऱ्यात समोर बसलेली मुलगी बाजूला सारता यावी म्हणून. तेथे 'सावळी' हा शब्द अगदी आदराने लिहिला, तरी त्याचे काम हिणविण्याचेच आहे. हा रकाना मेळाव्याच्या आयोजकांनी छापू नये आणि छापला असेल तर आपण त्यावर रेघ मारावी. त्यासाठी कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाची गरज नाही. २०२० साली 'फेअर अँड लव्हली' या मलमाने आपल्या नावातला गोरेपणा काढून टाकला; मलम विकले जातेच आहे.

लग्नानंतरचा रंग न्यायालयात येतो तो क्रूरतेच्या आरोपातून. २०२३ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने, पत्नीने पतीला काळा म्हणून सतत हिणविणे ही क्रूरता मानून घटस्फोट मंजूर केला. त्याच वर्षी छत्तीसगड उच्च न्यायालयाने एका पतीचा घटस्फोटाचा दावा फेटाळताना, गोऱ्या कातडीचे वेड समाजाने सोडले पाहिजे असे सुनावले. परंतु जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सातारा जिल्ह्यातील एका जुन्या प्रकरणात पतीला निर्दोष सोडले. पत्नीला रंगावरून बोलल्याचा आणि दुसरे लग्न करण्याची धमकी दिल्याचा आरोप होता, आणि त्या पत्नीने आत्महत्या केली होती. ही संसारातील भांडणे आहेत, आत्महत्येस भाग पाडण्याइतक्या तीव्रतेचा छळ नव्हे, असे न्यायालयाने मानले. हे निकाल परस्परविरुद्ध वाटतील. फौजदारी खटल्यात पुराव्याची आणि तीव्रतेची कसोटी कडक असते, घटस्फोटाच्या दाव्यात ती तशी नसते, हे त्यातले एक कारण. पण कोणा सासू-सासऱ्यांनी मुंबईच्या निकालावरून असा अर्थ घेऊ नये की, सुनेला रंगावरून बोलण्याची मुभा मिळाली. कायद्याने शिक्षा केली नाही म्हणून बोलणे सम्यक् वाचा ठरत नाही.

मुलांच्या टोपणनावांविषयीही विचारणा झाली होती. घरात लाडाने 'काळू' म्हणतात, ते बंद करावे काय? माझे मत असे आहे की, ज्याला म्हणतात त्याला विचारावे, आणि तेही एकट्याला. चारचौघांत तो हसून 'चालते' म्हणेल.

आता मूळ प्रश्नाचे व्यवहारातले उत्तर. रस्त्यावर कोणाची खूण सांगताना आधी कपडा, उंची, जागा सांगून भागत असेल तर रंगाकडे जाऊ नये. न भागल्यास जो रंग आहे तो सरळ सांगावा, आवाज खाली न आणता. आणि आपण फक्त काळ्याचाच रंग सांगतो, गोऱ्याचा सांगत नाही, असे तर होत नाही ना, इकडेही लक्ष द्यावे.

शेवटी तक्रारीविषयी. आपली माणसे, विशेषतः भगिनी, अपमानाची फिर्याद देताना तो शब्द उच्चारण्यास लाजतात. मग फिर्यादीत 'जातीवाचक शिवीगाळ केली' किंवा 'रंगावरून अपशब्द वापरले' एवढेच लिहिले जाते, आणि दोन वर्षांनी उलटतपासणीत वकील विचारतो की, नेमका शब्द कोणता? तेव्हा उशीर झालेला असतो. जो शब्द बोलला गेला तो, कितीही घाण असला तरी, जसाच्या तसा लिहून घ्यावा. कोणत्या ठिकाणी, किती वाजता, त्या वेळी आजूबाजूला घरच्यांखेरीज कोण हजर होते, त्यांची नावे लिहावीत. रंगावरून बोलला असेल तर त्याच बोलण्यात वस्ती, आडनाव, जयंती, धर्मांतर यांचा उल्लेख आला होता काय, तेही लिहावे. जातीशी असलेला संबंध त्यातूनच दाखविता येतो. जातीचा दाखला जवळ ठेवावा. या कायद्याखाली गुन्हा नोंदण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची आवश्यकता नाही, असे कलम १८-क मध्ये २०१८ साली स्पष्ट केले आहे; 'आधी चौकशी करू, मग पाहू' असे उत्तर मिळाल्यास ते कलम दाखवावे. तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा नाही. सही करण्यापूर्वी फिर्याद वाचून पाहावी, वाचता येत नसेल तर वाचून दाखवावयास लावावी, आणि तिची प्रत विनामूल्य मिळते ती मागून घ्यावी.